पाच मिनिटं जास्त

मैदानाचे दिवे माझ्या हातात असतात.
चार खांब, खांबावर बारा-बारा,
आणि पत्र्याच्या खोलीत एक खटका,
ज्याला तेवीस वर्षांत दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही.
पश्चिम टेक्ससमधलं आमचं गाव. वस्ती एकोणीसशे,
चर्च अकरा,
आणि शुक्रवारी रात्री फक्त एकच : हे.

सामना जिंकला की कोच स्टबलफील्ड वर बघतो.
आकाशाकडे नव्हे, माझ्या खिडकीकडे.
पंजा उघडून दाखवतो :
पाच मिनिटं जास्त.
मग पोरं मधल्या रेषेवर एक गुडघा टेकतात,
हेल्मेट डाव्या बगलेत. सगळ्यांची डाव्याच.
(हे मंगळवारच्या सरावात ठरतं.
मी होतो तिथे, गवत कापत.)
पेपरवाली मुलगी पोटावर पालथी पडते,
तिला मागचा फलक चौकटीत हवा असतो,
फलकावर गुण, गुणांखाली बँकेची जाहिरात.

कोचचा आवाज तेव्हा बदलतो.
दुपारी ह्याच आवाजाने एका पोराची
त्याच्या बापासमोर सालं काढली होती,
आता त्याच्यातून मध गळतो.
'हे पित्या' म्हणतो, आणि थांबतो.
शेवटच्या बाकापर्यंत पोचलं का, ऐकतो.

देखल्या देवा दंडवत, म्हणतात.
इथे देव दिसायचीही गरज नाही,
आपण दिसलो म्हणजे झालं,
देवाला नाही तर निदान
त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना.

माझी आई कोठीघरात जायची.
दार ओढून, बल्बची दोरी न खेचता,
भेंडीच्या लोणच्याच्या बरण्या आणि पिठाचं पोतं यांच्यामध्ये.
आम्हाला वाटायचं, साखर शोधते आहे.
धाकट्या बहिणीला ताप चढला त्या हिवाळ्यात
ती इतका वेळ साखर शोधत राहिली
की मी आत जाऊन पाहिलं, ती बाहेर आल्यावर.
सांडलेल्या पिठात दोन गोल खळगे.
मी ते पायाने मोडले. का, ते माहीत नाही.
चोरी पकडल्यासारखं वाटलं होतं.

चौसष्ट नंबरचा पोरगा, विरक केओ,
डोनटच्या दुकानवाल्यांचा. आई पहाटे तीनला तेल तापवते.
त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे म्हणतात,
काहीच नाही, असंही म्हणतात.
सगळे गुडघा टेकतात तेव्हा तो बुटाची लेस बांधतो.
पाच मिनिटं लेस बांधतो.
वरून बघणाऱ्याला तो टेकलेलाच दिसतो,
आणि कोचला तेवढंच हवं असतं.

मीही काही कमी नाही, कबूल करतो.
सगळ्यांच्या टोप्या उतरतात
तेव्हा मी खिडकीत येऊन उभा राहतो,
खोलीतला दिवा मुद्दाम लावून,
टोपी डोक्यावर,
नीट दिसावी म्हणून थोडा डावीकडे सरकून.

हरलो की कोच पंजा उघडत नाही.
ऑक्टोबरात एकेचाळीस-शून्य झालं त्या रात्री
तो सरळ गाडीत जाऊन बसला,
पेपरवालीने कॅमेरा झाकला,
बँडवाल्यांचा ढोल कुणीतरी ओढत नेला.
मी खटका पाडला.
हे दिवे एकदम मरत नाहीत,
कोळशासारखे लाल होतात, मग राखाडी,
आणि एकदा विझले की
कितीही घाई असो, पाव तास पेटत नाहीत.

त्या राखाडीत मला दिसलं,
मधल्या रेषेवर कुणीतरी एकटं खाली वाकलेलं.
पाठीवर सहा असावा. चार असावा.

मी हाक मारणार होतो, गेटला कुलूप लावायचंय म्हणून.
किल्ल्या हातात होत्या.
त्या मुठीत घट्ट धरल्या, वाजू नयेत,
आणि खोलीतला दिवा घालवला.

लेस असेल.
खूप वेळ लागला त्याला, पण असेल लेस.
मी पाठ फिरवून उभा होतो.